त्याचा घरातला आवाज

गणपती जवळ आले की लोकांच्या अंगात उत्साह चढतो आणि माझ्या अंगात कणकण भरते. खोटं कशाला बोलू, आता कंटाळा येतो. ते दहा दिवस मी नगर जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या चौकात रोज संध्याकाळी ओरडत असतो, रडत असतो, लोकांना उपदेश करत असतो, आणि त्याच वेळी घरी पाटावर बसून मुगाची खिचडीही खात असतो.

ज्यांनी जिवंत देखावा पाहिलेला नाही त्यांना हे कोडं वाटेल, म्हणून सांगतो. मंडळाचं स्टेज असतं. त्यावर गल्लीतलीच पोरं दाढ्यामिशा चिकटवून, फेटे बांधून उभी राहतात. आवाज मात्र त्यांचा नसतो. तो आधीच रेकॉर्ड केलेला असतो आणि स्पीकरच्या भिंतीतून येतो. पोरांनी फक्त ओठ हलवायचे आणि हातवारे करायचे. पाव तासात खेळ संपतो, पडदा पडतो, समोरची गर्दी पुढे सरकते, नवी येते आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. ह्या खेळांचे आवाज करून देणारी जी मोजकी माणसं नगरात आहेत, त्यांतला मी एक. पाटील मीच, चोर मीच, चोराला पकडणारा फौजदार मीच आणि शेवटी ढगाआडून बोलणारा देवही मीच. बायकांचे आवाज एक शाळेतल्या बाई करतात, त्यांना सवड असेल तेव्हा.

बाकीचं वर्ष मी मालिकांमध्ये असतो. बहुतेक वेळा डॉक्टर. ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर यायचं, चष्मा काढायचा, मान हलवायची. कधी मुलीचा मामा, कधी तलाठी. पुण्याला सकाळी उजाडायच्या आत बोलावतात, बाकड्यावर बसवून ठेवतात आणि दिवे लागायच्या वेळी तोंडाला रंग लावतात. एसटीत लोक माझ्याकडे टक लावून बघतात आणि विचारतात, तुम्ही आमच्या पाथर्डीच्या मेव्हण्यांच्या लग्नात होता ना? मी हो म्हणतो. नाही म्हटलं तर सगळी कुंडली सांगत बसावी लागते. शिवाय खतांच्या जाहिराती आहेत, निवडणुकीच्या रिक्षा आहेत, घंटागाडी आहे. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा. आमच्या गल्लीत सकाळी मीच ओरडत येतो आणि मीच बादली घेऊन खाली उतरतो. एके काळी ह्याचं हसू यायचं.

हे सगळं मी ज्याच्याबरोबर सुरू केलं तो माझा मित्र श्रीरामपूरचा. तरुणपणी आम्ही एकाच हौशी नाटकमंडळीत होतो. जत्रा असेल तिथं टेम्पोत पडदे टाकून जायचो. तो नायकाचा बाप व्हायचा आणि मी त्या बापाचा नोकर. त्याचा आवाज म्हणजे काय सांगू. घोडेगावला जनावरांच्या बाजाराशेजारी प्रयोग होता आणि माईक बंद पडला. माझी वाक्यं पहिल्या रांगेतल्या लोकांनाही ऐकू गेली नाहीत. ह्याचं शेवटचं वाक्य पार दावणीपर्यंत गेलं. त्या वेळी हंबरणाऱ्या म्हशी गप्प झाल्या, असं तो पुढे सगळीकडे सांगायचा. म्हशी काही गप्प झाल्या नव्हत्या, मी तिथंच होतो. पण त्याच्या आवाजात सांगितलेलं लोकांना पटायचं. मला त्याचा हेवा वाटायचा, हे मी त्याच्या तोंडावरही सांगितलेलं आहे.

तंबाखू त्याला नडली. आधी घसा बसला, मग बसलेलाच राहिला, मग मोठ्या दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी जीव वाचवायचा म्हणून स्वरयंत्रच काढून टाकलं. आता तो गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतो. त्यावर वहिनी मलमलच्या कापडाचा तुकडा बांधतात, रोज धुतलेला. त्याची कामं हळूहळू माझ्याकडे आली. ह्यात माझा काही दोष नव्हता, पण ती कामं करताना मजा अशी कधी आली नाही.

गळ्याला लावून बोलायचं एक मशीन मिळतं. त्याच्या मुलाने ते पुण्याहून आणून दिलं होतं. मित्राने ते एकदा लावलं, त्यातून निघालेली घरघर ऐकली आणि मशीन माळ्यावर टाकलं. डॉक्टरांनी दुसरा उपाय सांगितला होता तो अगदी साधा. आवाज नसला तरी ओठ नीट हलवून शब्द नुसते तोंडात बोलायचे, म्हणजे घरच्यांना हळूहळू कळायला लागतं. तेही त्याने केलं नाही. आवाजाशिवाय तोंड उघडणं म्हणजे चौकात नागडं उभं राहणं, असं त्याने पाटीवर लिहून मला दाखवलं होतं. नट ना शेवटी, माज जातो थोडाच.

तर त्या घरात दोन वर्षं असं चाललं होतं. हो म्हणायचं तर तो एक चुटकी वाजवायचा, नाही म्हणायचं तर दोन. जास्त काही सांगायचं असेल तर पाटी. वहिनी तिसरीत असताना त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. त्या एकेक अक्षर लावून वाचतात. त्यांचं अर्धं वाक्य वाचून होईपर्यंत हा वैतागून पाटी पुसून टाकायचा. मग त्या अंदाज लावायच्या. पाणी का? दोन चुटक्या. पंखा का? दोन चुटक्या. असं करत करत शेवटी एक चुटकी यायची. मुलगा नोकरीमुळे पुण्यात, त्यामुळे दिवसभर ही दोघंच.

ह्या श्रावणात वहिनींचा फोन आला. त्यांच्या गल्लीतलं मंडळ यंदा मोबाईलच्या वेडावर देखावा करणार होतं. घरातले सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेत आणि म्हाताऱ्या आजोबांकडे कुणी बघत नाही, असा खेळ. मंडळाचा अध्यक्ष फ्लेक्स छापायचं दुकान चालवतो, चांगला पोरगा आहे. तो माझ्या मित्राचे, जुना नट म्हणून, आशीर्वाद घ्यायला आला, आणि ह्याने आपल्या छातीवर बोट ठेवलं. आजोबा मी करणार. अध्यक्षाला नाही म्हणायचा धीर झाला नाही. पण ह्याची एक अट होती. आजोबांना आवाज त्याचाच पाहिजे, आणि तो मी काढून द्यायचा.

मी कारणं सांगायला सुरुवात केली. तीन मंडळांची कामं अंगावर होती, घसा धरला होता, डॉक्टरांनी गरम पाण्याच्या गुळण्या सांगितल्या होत्या. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या,

“भावजी, दोन वर्सं झाली, ह्यांनी घरात तोंड उघडलं न्हाई. स्टेजवर तरी उघडतील. येकदा उघडलं म्हंजी सवय लागंल. तुमी न्हाई म्हनू नका.”

त्यांच्या मागून एक चुटकी ऐकू आली. बायको नक्की काय बोलली हे त्याला कळलं होतं की नाही, देव जाणे. मी हो म्हटलं.

स्टुडिओ म्हणजे आमच्या एका ओळखीच्याची सावेडीतली खोली. भिंतींना फोम, दाराला जुनी गादी आणि रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद. घामाघूम होऊन मी त्याचा आवाज काढला. तो कसा बोलायचा हे मला पाठ होतं. वाक्याच्या आधी छाती भरून घ्यायची, मधले शब्द एकेक करून ठेवायचे आणि शेवटच्या शब्दावर पाय आपटल्यासारखं थांबायचं. मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं इतका तो जमला. रेकॉर्डिंग करणारा म्हणाला, काटा आला अंगावर. मीही खूश झालो, आणि बऱ्याच दिवसांनी झालो.

दुसऱ्या दिवशी ते मोबाईलमध्ये घेऊन श्रीरामपूरला गेलो. नगरच्या गाड्यांच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं आणि कंडक्टर अजून नगर, नगर म्हणून ओरडत असतो. राहुरीपर्यंतच्या रस्त्याने हाडं खिळखिळी केली. एवढं सगळं करून त्याच्या घरी पोचलो. तो पलंगावर बसला होता, अध्यक्षही येऊन बसला होता. मी रेकॉर्डिंग लावलं. मित्राने डोळे मिटून ते पूर्ण ऐकलं आणि दोन चुटक्या वाजवल्या.

मला वाटलं मोबाईलच्या स्पीकरमुळे नीट आलं नसेल. कानाला लावायच्या तारा काढल्या, त्याच्या कानात घातल्या, परत लावलं. परत दोन चुटक्या.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, अरे बाबा, तुझ्या बाजूला उभं राहून माझी उमर गेली, तुझा आवाज असाच होता, मला नको शिकवू. त्याने पाटी ओढली आणि खराखरा लिहिलं: हा नाटकातला. म्हातारा घरात बोलतोय. घरातला पाहिजे. मी म्हटलं, म्हातारा स्टेजवरच उभा आहे ना? श्रीरामपूरच्या चौकात, समोर हजार माणसं, मागे गाड्यांचे हॉर्न? त्याने पाटी उलटी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. झालं. अध्यक्ष अवघडून म्हणाला की काकांची तब्येत बरी नसेल तर आम्ही एखादं पोरगंच उभं करू. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना.

पण माझी खरी अडचण वेगळीच होती. त्याचा घरातला आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. माझ्यासमोर तो नेहमी नाटकातल्यासारखाच बोलायचा. पाहुणा आला की त्याचा पडदा वर जायचा. चहा आण म्हणाला तर शेजारच्या घरातही आधण चढायचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी वहिनींना तसं स्पष्ट सांगितलं. म्हटलं, माझे हात टेकले, ह्याची कुठली जुनी कॅसेट नाही, काही नाही.

वहिनी दारातच खाली बसल्या. पदर नीट केला. अध्यक्षाकडे बघून थोड्या लाजल्या, मग म्हणाल्या, “मी सांगते कसा हुता.”

देखाव्यात शेवटी एक वाक्य होतं. घरातलं कुणीच मान वर करत नाही म्हटल्यावर आजोबा भिंतीवरच्या आजीच्या फोटोकडे वळतात आणि विचारतात, अगं, जेवलीस का? अध्यक्षानेच लिहिलं होतं, आणि फोटोला हार घालायचा म्हणजे लोक रडतील अशी त्याची योजना होती. वहिनींनी ते वाक्य म्हटलं.

त्यांचा आवाज बारीक, बाईमाणसाचा, थोडा घोगरा. पण बोलण्याआधी घसा किंचित खाकरला. ‘अगं’ पूर्ण म्हटलंच नाही, त्यातला ‘अ’ आतच राहिला. मग मध्ये एवढीशी जागा, बोलू की नको अशी. ‘जेवलीस’ उतरत खाली गेलं, आणि ‘का’ प्रश्नासारखा वर न जाता तिथंच ठेवून दिला. कुठे जोर नाही, कुठे काही नाही. त्या घरातल्या कितीतरी संध्याकाळी तो तसं बोलला असणार, आणि ते फक्त त्यांनीच ऐकलं होतं.

भिंतीकडे तोंड करून पडलेला मित्र वळला. एक चुटकी.

मग दुपारभर शाळा भरली. मी म्हणायचो, वहिनी चुका काढायच्या. इतकं गोड न्हाई, हे गोड बोलनारे नव्हते. आता लई दमल्यावानी झालं. आता परत नाटकात गेला भावजी तुमी. मी पुन्हा म्हणायचो. मोठमोठ्या दिग्दर्शकांपुढे मी असा हैराण झालो नाही. एकदा मी वैतागून विचारलं की नेमकं चुकतंय काय ते तरी सांगा. त्या विचार करून म्हणाल्या, “तुमी विचारताय. हे विचारत नव्हते. मी जेवले ते ह्यांना ठावं असायचं. नुसतं म्हनायचे.”

मग काही न ठरवता, पायातल्या चपलेकडे बघत ते वाक्य म्हटलं. ह्या वेळी त्यांनी काही चूक काढली नाही. उठल्या आणि चहा टाकते म्हणून आत गेल्या. बराच वेळ आतून भांड्याचा आवाजही आला नाही. मित्र त्या दाराकडे बघत होता. त्याचे ओठ थोडे उघडले, मला वाटलं आता काही बोलेल. पण मी बघतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तोंड गच्च मिटून घेतलं.

पुढचे पंधरा-वीस दिवस तो आवाज माझ्या मागे लागला. विसरेन म्हणून मी तो चालता चालता म्हणायचो, स्टुडिओत म्हणायचो, पुण्याला बाकड्यावर बसल्या बसल्या म्हणायचो. घरी मात्र नाही. घरी आल्यावर मी बोलतच नाही फारसा. घसा जपायचा असतो, हे कारण चांगलं आहे आणि ते मी इतकी वर्षं वापरतोय. आमची हीही आता काही विचारत नाही. ताट वाढते, काढा ठेवते आणि मालिका लावते. त्यात मी डॉक्टर म्हणून आलो तर मला हाक मारते.

सगळे संवाद मी नव्याने रेकॉर्ड केले. ह्या वेळी मित्राने पहिल्याच वेळी चुटकी वाजवली आणि आरसा घेऊन ओठ जुळवायला बसला. एकट्यानेच बसायचा, दार लावून. वहिनींनाही आत येऊ द्यायचा नाही. वहिनी फोनवर म्हणाल्या, “तालमीत उघडत्यात म्हनं तोंड. मला कुठं दिसतंय.” मी म्हटलं, धीर धरा. दुसरं काय म्हणणार. मंडळाच्या पोरांनी देखाव्यातल्या आजीसाठी त्यांचाच फोटो मागितला तेव्हा त्यांनी पोरांना हाकलून लावलं होतं. मी जित्ती हाय अजून, म्हणाल्या. मग अध्यक्षाने इंटरनेटवरून कुणातरी अनोळखी आजीचा फोटो काढून फ्लेक्सवर छापला आणि त्याला झेंडूचा हार घातला.

मी कधी माझे देखावे बघायला जात नाही. ह्या वेळी गेलो. आवाज आवडला नाही तर लोक पुढे निघून जातील, त्याचं काही नाही. पण ह्याने ऐन वेळी तोंडच उघडलं नाही तर? वहिनींचं काय?

संध्याकाळची गर्दी भरली. एका बाजूला बायकांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. वहिनी दुसऱ्या रांगेत कडेला, नवं पातळ नेसून. पडदा वर गेला. मित्र धोतर, कोट आणि गळ्याभोवती मफलर अशा वेषात आरामखुर्चीत बसलेला. तो उठून उभा राहिला तेव्हाच बायकांची कुजबुज थांबली. नुसता उभा राहिला तरी तो स्टेजवरचा माणूस होता. मी स्पीकरच्या शेजारी, पडद्याच्या कडेला उभा होतो. पहिलं वाक्य आलं आणि त्याचं तोंड उघडलं. ओठ जुळवणं हे माझं रोजचं काम आहे, दुसऱ्याच्या ओठांवर वाक्य बसवून मी पोट भरलंय. त्याचे ओठ माझ्या आवाजाच्या मागेही नव्हते आणि पुढेही नव्हते. मी वहिनींकडे बघितलं. त्या पदराचा बोळा तोंडाला लावून त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

मुलाला विचारून झालं, सुनेला झालं, नातवाला झालं. आजोबा थकले आणि फोटोकडे वळले. निदान तालमीत तसंच होतं. पण मित्र फोटोकडे वळलाच नाही. तो बायकांच्या खुर्च्यांकडे वळला. स्पीकरमधून घसा खाकरल्याचा आवाज आला.

“अगं, जेवलीस का.”

ह्याच्यापुढे सनईसाठी जागा सोडली होती. सनई सुरू व्हायच्या आत खुर्च्यांमधून आवाज आला, “जेवले की मगाशी.”

गर्दीत हशा पिकला. वहिनी स्वतः दचकल्या. सवयीने तोंडातून गेलं होतं. पुढचं रेकॉर्डिंग सुरू झालं, आजोबा मोबाईलविषयी दोन शब्द सांगायला लागले, पण मित्राचे ओठ त्यावर नव्हते. ते हलत होते, भलतंच काही म्हणत होते. अध्यक्ष पळत माझ्याकडे आला, काका चुकले, काका चुकले म्हणत. मी त्याचा दंड धरून त्याला गप्प केलं. काका चुकले नव्हते. मला ते ओठ स्पष्ट वाचता येत होते. काय केलं होतंस, असं तो विचारत होता.

वहिनींना पहिल्यांदा कळलं नाही. त्यांनी मान पुढे काढली. त्याने पुन्हा विचारलं, सावकाश, ओठ ताणून ताणून, एवढ्या लोकांसमोर, आवाजाशिवाय.

“शेपू,” वहिनी म्हणाल्या. “न् बाजरीची भाकर. तुमची झाकून ठिवलीय.”

लोक पोट धरून हसले, पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना वाटलं हे देखाव्यातलंच आहे. वर स्पीकरमधून मी एकटाच बडबडत राहिलो आणि पडदा पडला.

पुढच्या खेळाच्या आधी तो पडद्यामागे खुर्चीवर बसला होता आणि वहिनी त्याच्यासमोर उभ्या होत्या. तो बोलत होता. म्हणजे नुसते ओठ. त्यांना अर्धं कळत होतं, अर्धं कळत नव्हतं. काय? परत म्हना. हां, मफलर का? टोचतोय? तो न वैतागता परत म्हणत होता. मधे त्याने मला बघितलं, मान हलवली आणि पुन्हा त्यांच्याकडे वळला. त्यांचं काय चाललंय ते ऐकत उभं राहायला मला लाज वाटली. अध्यक्ष जेवून जा म्हणत होता, मी गाडी मिळणार नाही असं सांगून निघालो.

स्टँडवर नगरची गाडी लागलेली होती. खिडकीशी बसलो. बरं वाटत होतं, आणि त्याहून जास्त रिकामं वाटत होतं. गाडी सुटायला वेळ होता म्हणून घरी फोन लावला. ही म्हणाली, निघालात का? मी म्हटलं, निघालो. एवढ्यावर आमचा फोन रोज संपतो. ती ठेवायला लागली तेवढ्यात माझ्या तोंडून गेलं,

“अगं, जेवलीस का.”

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग तिने सावधपणे विचारलं,

“हा कुणाचा आवाज काढताय?”

माझाच, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि माझा आवाज मला काही केल्या सापडेना.